न फिरवलेली बॅट

मंडळी, दुपारपासून एका म्हाताऱ्या खेळाडूचं बोलणं डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

इथे जर्मनीत, इंगोलश्टाटला माझी मुलगी ईरा बेसबॉल खेळते. आज मॅचच्या शेवटच्या बॉलला ती नुसती उभी राहिली, बॅट फिरवलीच नाही, आणि टीम हरली. बाकावर बसून हमसून हमसून रडत होती.

तेवढ्यात होर्स्ट तिच्या शेजारी येऊन बसले. ऐंशीच्या घरातले, एकेकाळी जर्मनीच्या टीममधले गाजलेले खेळाडू. क्लबमधली सगळी मुलं त्यांना देवासारखं मानतात.

"मीही असाच उभा राहिलो होतो, फायनलला," ते तिला म्हणाले. "मारायला जाऊन हुकलेले बॉल मी सगळे विसरलो. तो एक मात्र अजून स्वप्नात येतो. आणि स्वप्नातही मी बॅट फिरवत नाही."

ईरा रडायची थांबली. मला मात्र बाबा आठवले.

नाशिकला बाबांचं सोमवारी ऑपरेशन आहे. "किरकोळ आहे गं, येऊ नकोस," असं ते कधीपासून सांगतायत, आणि मीही ऐकत होते.

पार्किंगमध्ये गाडीत बसूनच विमानाचं तिकीट काढलं आणि फोन केला. "बाबा, मी येतेय."

"अगं, कशाला उगाच..." ते म्हणाले. मग हळूच विचारलं, "ऑपरेशनच्या आधी पोचशील ना?"

तुमच्या घरी "येऊ नकोस"चा अर्थ काय असतो?