पाळण्याच्या चालीवर

मी चर्चचा प्रचारक. दुसऱ्यांच्या आजारपणात जाऊन प्रार्थना करणं हे माझं कामच, पण माझी बायको आजारी पडली आणि माझीच प्रार्थना आटली. पोटातला कॅन्सर हाडांपर्यंत गेला होता. धरमपेठेतल्या दवाखान्यात औषधं चालू होती, तरी वेदनेनं तिला झोप नव्हती. तिचा डोळा लागावा, एवढंच मी देवाकडे मागत होतो. तेही मिळेना, तेव्हा खरं सांगतो, मी त्याच्यावर रागावलो.

राग माझ्या नाकावरच असतो. तिच्या आजारपणाच्या थोडं आधी मी रचलेल्या गीतांचं पुस्तक महालातल्या एका छापखान्यातून निघालं होतं. आमच्याकडे गीताच्या वर त्याची चाल छापतात, म्हणजे कुठल्याही चर्चच्या मंडळीला ते उचलून गाता येतं. मातीच्या वेळी, म्हणजे दफनाच्या वेळी, म्हणायला मी एक गीत केलं होतं, ‘दमले माझे पाय, बापा, घे मला कडेवर’. त्याच्यावर छापून आलं, ‘चाल : पाळण्याची’. नाताळच्या गीताची चाल इकडे येऊन बसली होती. छापखान्यात जाऊन मी नको नको ते बोललो. काही प्रती आधीच वाटल्या गेल्या होत्या, उरलेल्यांत पेनानं चाल दुरुस्त करत बसलो. बायको हसून म्हणाली, "काहून एवढे चिडता? देवाले दोन्ही चाली येतात."

दवाखान्यात शेजारच्या खाटेवर एक लेकुरवाळी मुलगी आजारी होती. तिची आई उमरेडकडच्या खेड्यातून आलेली. एका दुपारी ती बाई तान्ह्या नातीला मांडीवर घेऊन गुणगुणू लागली. शब्द माझे होते अन् चाल पाळण्याची. मी टोकायला उठलोच, तर बायकोनं माझा हात धरला.

"म्हणू द्या त्याईले. मले झोप येऊन राहिली."

आणि ती झोपली. संध्याकाळचा चहा आला तरी उठली नाही. मी त्या बाईला विचारलं, तर तिला एका शेजारणीनं पुस्तक दिलं होतं. वर पाळणा लिहिलेलं पाहून तिनं तेच गीत उचललं. "हे म्हटलं का पोरगी रडत नाही," एवढंच ती म्हणाली. ते गीत कशासाठी आहे आणि कुणाचं आहे, हे माझ्या तोंडून निघालं नाही. त्या दिवशी फार दिवसांनी मी प्रार्थना केली. काही मागितलं नाही, फक्त तिला त्याच्या हवाली केलं. पुढे ती बाई गावी गेल्यावर बायकोच्या उशाशी बसून मीच तो पाळणा म्हणायचो.

पावसाळा सरता सरता ती गेली. मातीच्या वेळी मंडळीनं पुस्तकं उघडली. त्यांत माझ्या पेनानं दुरुस्त केलेली चाल होती. मी म्हटलं, छापलंय तसंच म्हणा. आणि पाळण्याच्या चालीवर मीच सुरुवात केली.

मूठभर माती टाकताना मला वाटलं होतं, हात थांबेल. थांबला नाही. देवबापाचे उपकार, त्यानं माझ्या गीताला माझ्या हातात राहू दिलं नाही. लेकराचा डोळा लागला की आवाज आपसूक खाली येतो, तसे शेवटच्या ओळीला आम्ही सगळेच हळू झालो.