मैनाबाईंची मिसळ आणि मधली जाळी

समोर दिसणारी मिसळ खायला तुम्ही कधी रिक्षा केली आहे का? नसेल केली, तर रस्त्यामुळे धंदे कसे वाढतात हे तुम्हाला कळलेलंच नाही. सातपूरला या, कळेल.

मैनाबाई मूळच्या निफाडकडच्या. नवऱ्याचा हात मशीनमध्ये गेला, तेव्हापासून घर त्यांच्या हातगाडीवर चालतं. गाडी कारखान्याच्या गेटासमोर, पण रस्त्याच्या पलीकडे. जागा डोकं लावून धरलेली. गेटाला लागून भिकनची गाडी, पण तिच्यावर सुपरवायझरची खिडकी उघडते. कामगार एकवेळ शिळं खाईल, पण साहेबाच्या नजरेखाली खाणार नाही. सुट्टीचा भोंगा झाला की सगळे रस्ता ओलांडून मैनाबाईंकडे. भिकन माश्या मारायचा आणि त्यांच्या नावानं बोटं मोडायचा.

मग विकास आला. रस्ता काँक्रीटचा झाला, मधोमध दुभाजक, दुभाजकावर छातीएवढी लोखंडी जाळी. पलीकडे जायला कट कुठं? पार सिग्नलला. तिथून वळसा घालून यावं तर मिसळ हातात पडेपर्यंत सुट्टी संपल्याचा भोंगा. उद्घाटनाच्या फलकावर लिहिलं होतं, ‘औद्योगिक वसाहतीच्या भरभराटीसाठी’. भरभराट झाली. भिकनची.

सनी नावाचा वेल्डर जाळीपलीकडून ओरडायचा, “मैनामावशी, भिकनच्या रश्श्यात मटकी शोधायला पाणबुड्या सोडावा लागतो!”

“मग सोड ना मेल्या, मला काय सांगतो?”

तोंड असं तिखट, पण पातेलं भरलेलंच घरी जायचं. गाडी हलवावी तर प्रत्येक गेटासमोर कुणीतरी आधीच पाय रोवून उभं. गाडी बंद म्हणजे चूल बंद.

गिऱ्हाईकांच्या शिव्या खाऊन भिकनही विटला. एक दिवस स्कूटरवर वळसा घालून आला.

“ताई, रस्सा तुमचा, गिऱ्हाईक माझं. अर्धं-अर्धं.”

“का रे, बोटं मोडून झाली का सगळी?”

“आता जाळीच आडवी आली ताई, आपण कशाला आडवं यायचं?”

पोटापुढं मानपान चालत नाही. मैनाबाई हो म्हणाल्या. पातेलं स्कूटरवर बसलं, सिग्नलला निघालं. नव्या गतिरोधकावर निम्मी तर्री भिकनच्या पँटवर, उरलेली सुट्टी संपल्याचा भोंगा झाल्यावर गेटाशी. असं आठवडाभर. भिकनची पँट तेवढी झणझणीत झाली.

तेव्हा मैनाबाईंचा जुना गिऱ्हाईक म्हणून मी जाळीत कट मागायचा अर्ज घेऊन रस्ते खात्याच्या कार्यालयात गेलो. तिथले साहेब म्हणाले, “आम्ही मोजणी केली. त्या जागी कोणी रस्ता ओलांडत नाही. मग कट कशाला?”

मोजणी कधी केली? जाळी बसल्यावर!

मी म्हणालो, “आता तुरुंगातही मोजणी करा आणि लिहा, कैद्यांना बाहेर फिरायची आवड नाही.” साहेब हसले नाहीत. मी टेबल ठोकलं, तेव्हा फेरमोजणी कबूल झाली.

मोजणीचा माणूस आला, मैनाबाईंच्या बाजूला सावलीत बसला, त्यांचीच मिसळ खाल्ली, तर्री दोनदा मागितली. भोंगा झाला. पलीकडे कामगार जाळीपर्यंत आले आणि थांबले. जाळी चढेल त्याची हजेरी कापणार, असं सुपरवायझरनं सकाळीच सांगितलं होतं. आणि खिडकी उघडी होती.

मैनाबाईंनी एकदा खिडकीकडं पाहिलं, पदर खोचला, स्टूल ओढत दुभाजकाशी नेलं आणि जाळीवर चढल्या. साडी टोकाला अडकली, टरकन फाटली.

“ताई, सांभाळून!” भिकन ओरडला. सनीनं हात दिला. मैनाबाई पलीकडे उतरल्या. शिट्ट्या, टाळ्या.

मोजणीवाल्यानं ओठ पुसले आणि कागदावर टिपलं. “एक.”

“आता कट मिळंल ना?” मैनाबाईंनी तिकडून विचारलं.

“एकासाठी नाही मिळत बाई.”

“मग किती लागत्यात?”

“बरेच.”

“तर मग सोमवारी परत ये. बरेच देते!”

“येतो की,” तो म्हणाला. “मिसळ चांगली आहे.”

तर मंडळी, कामगारांची हजेरी कापली जाते. तुमची कापणारं तिथं कोणी नाही. येत्या सोमवारी दुपारच्या भोंग्याला सातपूरला या. चढता येत नसेल तर चढू नका. नुसते जाळीला येऊन उभे राहा आणि त्या माणसाला मोठ्यानं सांगा, “मला पलीकडे जायचंय.”