फासा मामाकडे आहे

मामा सुखरूप पोचल्याचा फोन शेजारच्या काकूंकडे आला, तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली आणि त्या संध्याकाळी आमच्या घरात रेडिओवरच्या बातम्या कुणी लावल्या नाहीत. गेली काही वर्षं आखातात जहाजांवर हल्ले होत होते आणि माझा वसंतमामा तेल वाहणाऱ्या जहाजावर स्वयंपाकी होता. त्यामुळे संध्याकाळच्या बातम्या ही आमच्याकडे रोजची शिक्षाच होती. आई कणीक मळता मळता थांबायची आणि बातम्या संपल्या की पुन्हा मळायला लागायची. यावेळी मामा विमानतळावरून घाटकोपरला आमच्याकडे न येता परस्पर एसटीने गावी गेला, कारण देवीची जत्रा होती. जत्रा करून येतो, म्हणाला. आम्ही निर्धास्त झालो... आणि त्याच आठवड्यात काकूंकडे दुसरा फोन आला, थोरल्या मामाचा. सकाळी वसंता पडवीत चहा पीत बसला होता, कप खाली ठेवला आणि कलंडला. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. मला अजून राग येतो तो याचा. इतकी वर्षं आम्ही पाण्याला भीत राहिलो आणि तो गेला सारवलेल्या जमिनीवर, स्वतःच्या घरात.

मामाने लग्न केलं नव्हतं. जहाजावरून सुटला की त्याचा मुक्काम आमच्याच दोन खोल्यांत असायचा. मी तेव्हा नुकती कॉलेजात जायला लागले होते. एका खेपेला त्याने कुठल्याशा बंदरातून एक खोका आणला. त्यात इंग्रजी पुस्तकं होती आणि चित्रविचित्र फासे. पट नाही, सोंगट्या नाहीत, हा कसला खेळ ते आम्हाला कळेना. मग मामानेच सांगितलं. एकाने एक जग सांगायचं आणि बाकीच्यांनी त्या जगातली माणसं व्हायचं. समोर दरी आहे, पलीकडे राक्षस आहे, काय करता? जे करायचं ते बोलून सांगायचं आणि काम अवघड असलं तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर जमलं, लहान आला तर फसलं. फासा कॉटखाली जाऊ नये म्हणून आम्ही तो आईच्या कणकेच्या परातीत टाकायचो. त्याचा तो ठणठण आवाज तळमजल्यापर्यंत ऐकू जायचा.

जग सांगायला मामाला कुणी शिकवावं लागलं नाही. तरुणपणी तो गावच्या दशावतारी कंपनीत राक्षसांची कामं करायचा. दशावतारात लिहिलेलं नाटक नसतं. गोष्ट ठरलेली असते, बोलणं उभ्या उभ्या सुचेल ते. मामा बनियनवर भिंतीला टेकून बसायचा आणि त्याच्या तोंडून डोंगर, किल्ले, भुयारं निघायची. मी मांत्रिक झाले. माझा वर्गमित्र मिलिंद नाहूरहून यायचा, तो सरदार झाला. धाकटा भाऊ बंड्या चोर झाला, आणि त्या भूमिकेसाठी त्याला फारसे कष्ट पडले नाहीत.

पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचलं ते एकट्या मिलिंदने. मामा काही मनाचं सांगायला लागला की तो म्हणायचा, "मामा, नियमात असं नाहीये." सुरुवातीला आम्ही त्याची टिंगल करायचो. पण आमची माणसं जिंकत जिंकत वरच्या लेव्हलला पोचली आणि नियमांचा प्रश्न खरोखरच उभा राहिला. त्या उंचीवर पुस्तकच तोकडं पडत होतं. आम्ही उडू शकत होतो, भिंतींतून जाऊ शकत होतो. मला तर मेलेला माणूस उठवायचा मंत्र मिळाला होता. कसलीच भीती उरली नव्हती. फासा नुसता नावाला पडायचा आणि बंड्या खेळता खेळता शेंगदाणे सोलत बसायचा. म्हणून मामा नियम वाकवायला लागला. कधी मंत्र चालायचा नाही, कधी तलवार अडायची. एका दुपारी मिलिंदने हातातलं पुस्तक मिटलं आणि शांतपणे म्हणाला, "नियम असला ना मामा, की माणसाला कुणाच्या मर्जीवर राहावं लागत नाही. आमच्या घरी हे लहानपणापासून शिकवलंय."

 आता मामा चिडणार, असं मला वाटलं. पण तो मिलिंदकडे वळला आणि म्हणाला, "बरोबर आसा तुझा. माझी मर्जी नको. आता फासो टाकूच्या आधी तुमीच सांगा, हरलास तर काय जातला."

आमच्या खेळाचा तो नवा नियम झाला, आणि तो कुठल्याच पुस्तकात नव्हता. माणूस जितका मोठा, तितकी मोठी गोष्ट पणाला लावायची आणि ती आपल्या तोंडाने बोलायची. मिलिंद एकदा स्वतःचा किल्ला हरला आणि त्याने हूं की चूं केलं नाही, कारण ते त्याचं त्यानेच सांगितलेलं होतं. बंड्याचे शेंगदाणे बंद झाले. 

मामाची आणखी एक खोड होती. जहाजावर जायच्या आदल्या दिवशी तो डाव बरोबर फासा टाकायच्या क्षणी थांबवायचा. मग तो वीस बाजूंचा फासा दाढीच्या सामानाच्या पत्र्याच्या डब्यात, साबण आणि ब्रशच्या शेजारी टाकायचा आणि बरोबर घेऊन जायचा. "मी इलंय की मगे टाकूया." महिनोन् महिने आमचा डाव तसाच टांगलेला राहायचा. मिलिंद रस्त्यात भेटला आणि "पुढे काय?" म्हणाला, की मी म्हणायची, फासा मामाकडे आहे. हळूहळू घरातही ते चालू झालं. बातम्यांत जहाजाचं काही आलं आणि आईचा चेहरा उतरला, की बंड्या म्हणायचा, "आई, फासा त्याच्याकडे आहे गं, येणार तो." आणि मी हे मनापासून खरं मानत होते. डाव अर्धा आहे तोवर त्याला यावंच लागेल, हा माझा एक खासगी नवस होता.

शेवटच्या खेपेला मिलिंदचा सरदार मेला. उठवायचा मंत्र माझ्याकडे होता. मामा माझ्याकडे वळला. "नंदा, हरलंस तर काय जातला?"

 आमच्या घरात तोंडाने वाईट बोलायचं नाही, अशी आईची सक्त ताकीद असते. वास्तू ऐकते, म्हणते ती. दुसऱ्या दिवशी मामा निघणार होता, बॅग दारात भरलेली होती आणि मी काय जाईल ते मोठ्याने बोलायचं? मी कॉलेजात शिकणारी, या गोष्टींना हसणारी मुलगी. पण मी म्हटलं, "तू आलास की सांगते."

मामा हसला नाही. त्याला सगळं कळलं असावं. "बरा," म्हणाला आणि फासा डब्यात टाकला.

मग ते महिने... मिलिंदचा सरदार मेलेला पडून होता आणि मी बसमध्ये, वर्गात, भांडी घासताना एकच विचार करत होते. काय पणाला लावू? फार मोठं लावलं आणि ते खरंच गेलं तर? फार लहान लावलं आणि मामाला ती पळवाट वाटली तर? शेवटी ठरलं. हरले तर तो मंत्रच जाईल, माझ्या हातून पुन्हा कधी कुणी उठणार नाही. हे सांगायला मी अगदी तयार होते. तो सुखरूप पोचल्याचा फोन आला तेव्हा, आईने देवापुढे साखर ठेवायच्या आधीच, माझ्या मनात हेच आलं, की आता सांगता येईल.

तेराव्यानंतर थोरल्या मामाने मामाची बॅग पाठवून दिली. आईने त्यातले कपडे बाहेर काढले, वास घेतला, घडी घातली. दाढीचा डबा तिने माझ्याकडे दिला. साबण सुकून भेगाळला होता आणि फासा त्याला चिकटून बसला होता. मी मिलिंदला बोलावलं. बंड्याने न सांगता परात आणून मध्ये ठेवली. भिंतीची मामाची जागा आम्ही मोकळी सोडली होती, कुणी ठरवलं नव्हतं तरी.

मी म्हटलं, "हरले तर मंत्र जाईल. पुन्हा कधीच कुणाला उठवता येणार नाही." पण बोलताना, यातलं काय अजून जायचं शिल्लक होतं ते मलाच कळेना. तरी मी फासा मुठीत घेतला. 

मिलिंदने माझं मनगट धरलं. "थांब," तो म्हणाला. "पुस्तकात एक नियम आहे. मामांना मी तो कधी सांगितला नाही, वेळच आली नाही. जो मेलाय त्याची परत यायची इच्छा असेल, तरच मंत्र चालतो. फासा नंतर."

"मग?" बंड्याने विचारलं.

"सरदार माझा आहे. त्याची इच्छा नाहीये." मिलिंद परातीकडे बघत होता. "राहू दे त्याला तिकडे. मामांच्या सोबतीला कुणीतरी पाहिजे ना."

मग मी रडले. तो दुसरा फोन आल्यापासून पहिल्यांदा, मिलिंदसमोर, अगदी हुंदके देऊन. बंड्या उठून गॅलरीत गेला. थोड्या वेळाने आई आत आली. पोळ्या करायच्या होत्या, तिने परात मागितली आणि मी दिली.

फासा मी पुन्हा त्या डब्यात, साबणाशेजारी ठेवला. डबा कपाटात आहे. परवा आमच्याकडे आलेल्या मिलिंदच्या धाकट्या बहिणीने विचारलं, ताई, मला शिकवाल का तो खेळ? मी सवयीने म्हणून गेले, फासा मामाकडे आहे. मग तिने विचारलं, ते कधी येणार? आई आत कणीक मळत होती. तिचा हात थांबला.