आभाळातला राब

राब भाजायला आम्हांला कुणी शिकवावं लागत नाही. आमच्या सुरगाण्याकडच्या डोंगरांत पावसाआधी जमिनीच्या तुकड्यावर वाळका पाला, फांद्या, शेणी रचायच्या आणि पेटवून द्यायच्या. जमीन भाजून निघाली की तिथं नागलीचं, म्हणजे नाचणीचं, रोप टाकायचं. जाळ मोठा तर राब चांगला, एवढंच आम्हांला ठाऊक. त्यामुळे दिंडोरीकडच्या द्राक्षमळ्यात पहिल्यांदा शेकोट्या करायची वेळ आली, तेव्हा आमच्या सगळ्या टोळीनं राबच पेटवला.

साल एक्क्याण्णवचं सरत होतं. सातवीत माझी शाळा सुटली, पुढं काही वर्षांनी लग्न झालं, आणि त्या दिवाळीनंतर नवरा, मोठी जाऊ आणि गावातली आणखी काही माणसं यांच्याबरोबर मी मळ्यावर आले. तेव्हा मला सहावा महिना होता. त्याआधीचं माझं एक बाळ घाटातच गेलं होतं. कळा सुरू झाल्यावर जीप मिळाली, पण दवाखाना काही मिळाला नाही. म्हणून या खेपेला बाळंतपण नाशिकलाच व्हावं, मोठ्या दवाखान्यात, एवढं एकच माझ्या मनात होतं. द्राक्षांचा माल निघेपर्यंत मळ्यावर राहता आलं तरच ते जमणार होतं. मालच गेला तर टोळी परत, आणि टोळीबरोबर मीही.

मळा एका विधवा बाईंचा होता. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. नवऱ्यामागं मळा त्याच बघत होत्या. आवाज असा की विहिरीपलीकडून हाक मारली तरी इकडं हातातली कात्री थांबायची.

थंडी वाढली तशा मावशी बेचैन झाल्या. मणी फुगायच्या दिवसांत कडक थंडी पडली तर घड काळे पडतात. त्यावर एकच उपाय, पहाटे ओळींमधून धूर करायचा. धूर वेलींवर पांघरुणासारखा पसरला की जमिनीची ऊब वर निघून जात नाही. हे आम्हांला सांगितलं होतं, पण कानावरून गेलं. पहिल्या पहाटे आम्ही वाळका पाला रचला, काडी लावली आणि जाळ पुरुषभर वर गेला. आम्हांला बरंच वाटलं. तेवढ्यात मावशी धावत आल्या.

"अगं येड्या का काय तुम्ही! वेली भाजताय व्हय? विझवा आधी!"

"थंडी घालवायची ना मावशी," माझी जाऊ म्हणाली, "मग जाळ नको?"

"जाळ तुझ्या चुलीत घाल! मला धूर पायजे, धूर. वल्ला पाला टाका वरून. सुरगाण्याच्या माणसांना आगीची लय हौस!"

खालची पानं होरपळली होती. मग ओली गोणपाटं आपटून आम्ही जाळ मारला, ओला पाला घातला, भाताचं तूस टाकलं. हळूहळू पांढरा धूर तारांच्या उंचीवर येऊन पसरला. माझा खोकला मात्र थांबेना. मावशींनी मला दंडाला धरून शेडमध्ये नेऊन बसवलं. "पोटात जीव हाय आन् धुरात हुबी राहती! बस हिथं. रद्दीची पानं मोकळी कर."

ती रद्दी द्राक्षांच्या पेट्यांत घालायची असे. उजाडल्यावर मी पानं सोडवता सोडवता वाचू लागले. शाळा सुटल्यावर वाचायला मिळालेलं तेवढंच. त्यात काही महिन्यांपूर्वीचं एक पान होतं. फिलिपीन्समध्ये एक डोंगर फुटला, त्याचा धूर आणि राख आभाळात फार उंच गेली. राख खाली बसेल, पण गंधकाचा वायू वरच राहील, त्याचा विरळ पडदा पृथ्वीभर पसरेल, ऊन थोडं अडेल आणि येती एक-दोन वर्षं जग थंड राहील, असं शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं. सूर्यास्त जास्त लाल दिसतील, असंही लिहिलं होतं.

ते वाचून मला आमच्या गावचं आभाळ आठवलं. गावाकडून निघायच्या आधी संध्याकाळी आभाळ भलतंच लाल व्हायचं आणि सूर्य बुडाल्यावरही कितीतरी वेळ तसंच राहायचं. बाया म्हणायच्या, आभाळात राब पेटलाय. यंदा काहीतरी वाईट होणार. मी पोटावर हात ठेवून घरात जायची.

मावशींना चाळशीशिवाय बारीक अक्षर दिसत नसे. मी ते पान त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हंजी तिकडं धूर झाला म्हणून थंडी, आन् हिकडं थंडी म्हणून आम्ही धूर करतोय?"

"तो धूर लय वर हाय मावशी. ऊन अडवतो. आपला खाली हाय, ऊब धरतो."

"त्या डोंगराला कुणी सांगायला नव्हतं वाटतं, जाळ नको म्हणून," शेडमध्ये आलेली जाऊ म्हणाली. त्या दिवसांत मावशी मोठ्यानं हसल्या त्या तेवढ्याच वेळी.

पुढच्या एका पहाटे धूर कमी पडला. ओहोळाकडचा सखल तुकडा गेला. थंडी पाण्यासारखी उतारानं वाहत जाते, तसं झालं. सकाळी घड हातात घेतला तर मणी तपकिरी, मऊ. मावशी ओळीच्या टोकाला जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. उरलेल्या मळ्याला एवढी माणसं लागणार नव्हती. फवारणीला माझा नवरा राहणार होता, आणि घडांतले जादा मणी कात्रीनं काढायच्या विरळणीला एकच बाई. मावशींनी जाऊचं नाव घेतलं. ते बरोबरच होतं. तिचा हात माझ्या दुप्पट चालायचा.

मी गाठोडं बांधलं. नवऱ्यानं ते उचलून दाराशी नेऊन ठेवलं. टोळीला न्यायला जीप आली तेव्हा जाऊ आधीच आत जाऊन बसली होती.

"अगं उतर, तू राहायचं हाय," मावशी म्हणाल्या.

"मला न्हाय मानवत तुमची थंडी. हिला ठेवा."

"हिचा हात चालत न्हाय."

"पेपर तर वाचती!"

मावशींनी माझ्याकडं पाहिलं, पोटाकडं पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या. "मला बी कुणीतरी वाचून दाखवायला पायजेच." जाऊनं आपली गोधडी जीपमधून माझ्या अंगावर फेकली आणि तोंड फिरवलं. त्या हिवाळ्यात ती डोंगरात काय पांघरून झोपली, हे मी नंतर कितीदा विचारलं. तिनं कधी सांगितलं नाही.

मुलगी नाशिकच्या दवाखान्यात झाली. पोटात ती उलटी होती, पाय खाली. घाटात असतो तर आम्ही दोघी वाचलो नसतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पुढं नवऱ्याला नाशिकच्या सातपूरला कारखान्यात काम लागलं आणि आम्ही इथलेच झालो. मुलगी शिकली. कॉलेजात भूगोल घेतला तेव्हा तिनं मला समजावलं की दोनशे वर्षांपूर्वी इंडोनेशियातला एक डोंगर फुटला, तेव्हा पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही, पिकं गेली, माणसं उपाशी मेली. आपल्या पायाखालचा काळा दगडही लाव्हाच आहे, असंही तिनं सांगितलं. मी तिला विचारलं, मग आमची ती थंडी त्या फिलिपीन्सच्या डोंगराचीच ना? ती म्हणाली, "आई, जग थंड झालं होतं, हे खरं. पण एका मळ्यातली एक पहाट त्याच्यामुळंच थंड होती, असं कुणालाच सांगता येणार नाही."

असेल. मला मात्र अजून संध्याकाळी आभाळ जास्त लाल झालं की धास्ती वाटते, कुणाचा तरी तुकडा जाणार, कुणाला तरी जीपमध्ये बसावं लागणार. मग मी गावी जाऊला फोन लावते. ती विचारते, "काय गं, थंडी पडली का तिकडं?" मी म्हणते, "पडली. तुझी गोधडी हाय."