मालकांना आज ऑन-कॉल बसवलं

मित्रांनो, आज मी माझ्या मालकांना दिवसभर ऑन-कॉल बसवलं. काळजाला अजून गार वाटून राहिलं आहे.

मी अकोल्यात एसी-फ्रीज दुरुस्तीच्या कंपनीत इंजिनिअर आहे. मागच्या रविवारी शेंदूरजनाघाटला सख्ख्या भाचीचं साक्षगंध होतं. मालक म्हणाले, "ऑन-कॉलची पाळी तुमची आहे. गाव सोडू नका." दिवसभर फोनकडे बघत बसलो. तो वाजलाच नाही. सोमवारी थांबण्याचा भत्ता मागितला, तर म्हणाले, "कायचा भत्ता? घरीच तर बसले होते तुमी!"

आज माझी सुट्टी. सकाळीच मालकांचा फोन. "भाऊ, घरचा एसी बंद पडला. जीव उकडून राहिला." बाहेरचा मेकॅनिक पैसे मागतो, म्हणून आमची आठवण.

"येतो ना साहेब. कवा, ते सांगता येत नाही. घर सोडू नका, फोन जवळ ठेवा."

दुपारी पुन्हा फोन. "अमरावतीले साडूकडे पंगत आहे. बायको कवाचीच गेली. मी जाऊन येऊ का?"

"जा ना. पण दाराले कुलूप दिसलं तर मी वापस."

ते बसले. मी रस-पोळी हाणून झोपलो आणि दिवेलागणीला गेलो. कपॅसिटर बदलला, चुटकीसरशी काम झालं. घामाने भिजलेले मालक ओरडले, "अख्खा दिवस खराब केला माझा!"

"कायचा खराब साहेब? घरीच तर बसले होते तुमी."

मालकांनी रिमोटचं बटण दाबलं. एसी मस्त सुरू झाला.

भत्ता मिळेल की नाही, माहीत नाही. ऑन-कॉलवाल्यांनो, एवढंच सांगा: तुमच्या मालकाच्या घरचा एसी कोण बघतो?