फोटोपुरती टोपी

व्यक्तिचित्रातला माणूस शेवटी मोठ्या मनाचा निघतो, अशी सवय लागलीय तुम्हाला. आमचे काका तसे निघणार नाहीत, आधीच सांगतो.

काका सगळं दोनदा बोलायचे. ‘शुअर, शुअर.’ परदेशातल्या आमच्या या गावच्या म्युझियमच्या ओपन हाउसला ते दरवर्षी जुन्या काळच्या शेतकऱ्यासारखी गवती हॅट आणि पँटला खांद्यावरून गॅलिस घालून जुन्या बैलगाडीपाशी उभे राहायचे. इथे पहिल्यांदा वस्ती करायला आलेल्यांची ती गाडी. येईल त्याला सांगायचे, ‘अवर पायोनियर्स, अवर पायोनियर्स!’ मला म्हणायचे, “ते बैलगाडीतून आले, मी विमानातून. एवढाच फरक, एवढाच.”

त्या वर्षी पेपरचा फोटोग्राफर आला. म्युझियमच्या बाई गोड हसल्या, “जस्ट फॉर द पिक्चर, डिअर,” म्हणाल्या आणि काकांची हॅट काढून एका गोऱ्या आजोबांच्या डोक्यावर ठेवली. काका ‘शुअर, शुअर’ करत बाजूला झाले. वर फोटोग्राफरची बॅग धरून उभे राहिले.

परतताना कारमध्ये मी त्या बाईंची हुबेहूब नक्कल केली. काकू इतक्या हसल्या की डोळे पुसायला लागल्या. काकांनी गाडी कडेला थांबवली.

“अक्कल आहे का तुला? तिच्या कानावर गेलं, तर पुढच्या वर्षी बोलावतील का मला?”