लालबागेच्या खडकावरून यांना आणताना

सोलापूरच्या स्टेशनावर निम्मी गल्ली मला सोडायला आली होती. मी बंगळूर बघायला निघाले याचं त्यांना काही कौतुक नव्हतं. रुसून बसलेला नवरा ही बाई घेऊन येते की हात हलवत परतते, एवढीच त्यांना उत्सुकता होती.

आमचे हे हायस्कुलात भूगोल शिकवायचे. दख्खनचं पठार जुनं, घट्ट, इथे भूकंपाचं भय नाही, हे त्यांनी दोन पिढ्यांना घोकायला लावलं. निवृत्त झाले आणि लातूरकडची जमीन हादरली. तिकडे गावंच्या गावं गेली, त्यावर हसण्यासारखं काहीच नाही. आमच्याकडे मांडणीतली भांडी पडली, पण हे पार खचले. त्यात कोपऱ्यावरचा किराणावाला म्हणाला, "सर, हलली की ओ जमीन!" झालं. "आता या गावात तोंड दाखवायची सोय नाही," म्हणाले आणि मुलीकडे बंगळूरला निघून गेले. वर्ष होत आलं तरी परतायचं नाव नाही.

गाडीत गुंतकलच्या पुढे माझा शेंगाचटणीचा डबा उलटला तो थेट समोरच्या गृहस्थांच्या पांढऱ्या धोतरावर. ते चिडायच्या बेतात होते, तेवढ्यात बोट चाटलं गेलं. मग माझ्या कडक भाकरीवरही त्यांनी हक्क सांगितला.

सकाळी 'यशवंतपूर' अशी पाटी दिसली. इतकं आपल्यातलं नाव बघून मी खुशाल उतरले. जावई बिचारे मुख्य स्टेशनावर ताटकळत राहिले.

रिक्षावाल्याला मी आमच्या सोलापुरी कन्नडात विचारलं, "जे. पी. नगरला बर्तीरेन री?" (येता का हो?)

तो खुदकन हसला. "हुब्बळ्ळीना, अम्मा?" (हुबळीच्या का?)

"नाही रे बाबा, सोलापूर. लांब आहे का?"

"स्वल्प," (थोडं) तो म्हणाला. त्या थोड्यात माझं सगळं शहर बघून झालं.

मंदाने, आमच्या लेकीने, दार उघडलं. "बाबा लालबागेत गेलेत. रोज डबा घेऊन जातात, ऑफिसला गेल्यासारखे."

मी चहासुद्धा न घेता तशीच निघाले. लालबागेत एक अवाढव्य उघडाबोडका बंडे (खडक) आहे. त्याच्या माथ्यावर छत्री उघडून आमचे हे बसले होते. मला बघून दचकले, पण उठले नाहीत.

"बैस," म्हणाले. "तीनशे कोटी वर्षांचा आहे हा. याच्यावर विश्वास ठेवावा असं वाटतं."

"आणि माझ्यावर?"

यावर हे थेट शिकवायलाच लागले. "हे बघ, पृथ्वी आतून तापलेली. वरचं कवच म्हणजे दुधावरची साय, आणि तिचे तुकडे झालेले. ते भूपट्ट. आपला भूपट्ट उत्तरेकडे सरकतो, आशियाला रेटतो, म्हणून हिमालय उभा राहिला. तोच दाब आपल्या पठाराच्या पोटातही साठतो. हे मी पोरांना कधी सांगितलंच नाही गं. मी त्यांना सांगितलं, निर्धास्त झोपा."

त्यांचा आवाज कातर झाला. गाडीत रात्रभर जुळवलेलं भांडण माझ्या घशातच राहिलं. मला फार वाईट वाटलं. पण नुसतं वाईट वाटून हा माणूस हलणार नव्हता.

"किती सरकतो हो हा पट्ट?"

"वर्षाला बोटांची नखं वाढतात, साधारण तेवढा."

"उत्तरेकडेच ना? मग बसा इथेच. सोलापूरही उत्तरेलाच आहे, पोहोचाल कधीतरी घरी."

ताडकन वर्गातला आवाज लागला. "अगं, काय बोलतेस! सोलापूरही त्याच भूपट्टावर आहे. तेही तितकंच पुढे जाणार. इथे बसून लाख वर्षांतही अंतर बोटभर कमी व्हायचं नाही!"

"तेच म्हणतेय मी," मी म्हटलं. "त्यासाठी कुणीतरी उठावं लागतं. मी उठून आले. आता तुमची पाळी."

 यांनी छत्री मिटली. गुडघे धरले होते, म्हणून मी हात दिला.

सोलापूरला उतरलो तर फाटकावर तिकिटं घ्यायला यांचाच एक जुना विद्यार्थी. हे सरळ त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. कपाळावर घाम. "अरे, पठाराला भूकंपाचं भय नाही असं मी तुम्हाला शिकवलं. ते चुकलं माझं."

तो गोंधळला. वाकून पाया पडला. "पठार? कसलं पठार, सर? मला तर तुमची छडी तेवढी आठवतेय."

हे तरातरा माझ्यापुढे चालत घरी पोहोचले. ज्या एका वाक्यापायी माणसाने वर्षभर तोंड लपवलं, ते वाक्य ज्यांच्यासाठी होतं त्यांनी ऐकलेलंच नव्हतं. मला हसू आवरेना. यांना मात्र भूकंपानेही आला नव्हता एवढा राग आला होता. "गाढव लेकाचे! उद्यापासून सगळ्यांना ओट्यावर बोलवतो. पुन्हा पहिल्यापासून शिकवतो!"

हे तावातावाने येरझाऱ्या घालत होते, आणि मी वर्षानंतर पहिल्यांदा दोन कप चहाचं आधण ठेवलं.